तिच्या कलाने

त्यांचं खरं नाव टपालवाल्याला ठाऊक असेल तेवढंच. बाकी सगळे त्यांना पाणसळ म्हणत, आणि तेही तोंडावर. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे बघायला नळीतला बुडबुडा असलेली जी पट्टी वापरतो, ती पाणसळ. या गृहस्थांच्या डोळ्यांतच तो बुडबुडा होता. चहाच्या दुकानात बसले की आधी टेबल हलवून बघणार, मग खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून पायाखाली सारणार आणि मगच चहा मागवणार. कुणाकडे गेले तर भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय त्यांचा पाय घरातून निघत नसे. असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हे. बायकोने तो केला आणि हसतखेळत केला, हे यांचं नशीब.

आणि अशा माणसाच्या शेडमध्ये कित्येक वर्षं एक वाकडी वस्तू उभी होती.

ती वस्तू म्हणजे लहान ट्रॅक्टरला पुढच्या बाजूने जोडलेला कल्टिव्हेटर. मोठ्या ट्रॅक्टरला तो मागे असतो. ड्रायव्हर पुढे बघतो आणि पाठीमागे काय उपटलं जातंय ते त्याचं त्यालाही कळत नाही. यांचा ट्रॅक्टर लहान आणि जुन्या घाटाचा. त्याचे फाळ पुढच्या चाकांच्या जरा मागे, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. इंजिन थोडं डावीकडे सरकवून बसवलेलं, त्यामुळे सीटवरच्या माणसाला इंजिनाच्या उजव्या बगलेने थेट खाली रोपांची ओळ दिसते. रोपं मधून जातात, दोन्ही अंगांचे फाळ तण कापत जातात आणि रोपाला धक्का लागत नाही. मात्र फाळ एका पातळीत हवेत. नसले तर एका बाजूचं तण जसंच्या तसं राहतं आणि दुसऱ्या बाजूला रोपांची मुळं उघडी पडतात.

या घरात ट्रॅक्टर बायको चालवायची आणि नवरा खाली झोपून नट आवळायचा. सुरुवातीला लोक हसले. पण त्याचं कारण साधं होतं. लग्नानंतर पहिल्या हंगामात पाणसळ स्वतःच चालवत होते, आणि दर चार पावलांवर ट्रॅक्टर थांबवून, खाली उतरून, फाळ किती खोल गेला ते काडीने मोजत होते. दुपारपर्यंत एक ओळ झाली नव्हती. बायको बांधावर उभी राहून बघत होती. शेवटी ती आली आणि म्हणाली, "उतरा. तुम्ही मोजत राहा, मी चालवते." ते उतरले. त्यानंतर ती सीट तिने कधी सोडली नाही आणि यांनीही मागितली नाही.

दर हंगामाच्या तोंडावर पातळी लावायचा सोहळा व्हायचा. शेडमधली सिमेंटची जमीन पाणसळांनी स्वतः घातलेली, तेव्हा तिच्या सरळपणाविषयी बोलायलाच नको. आधी टायरमधली हवा बघायची, डावीउजवीकडे सारखी. मग चारी चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या. फाळ मातीत जितका खोल जायला हवा, तितकी फळी जाड. मग लिव्हरने फाळ खाली सोडायचे. प्रत्येक फाळ जमिनीवर चपटा बसला पाहिजे, नाकही टेकलं पाहिजे आणि टाचही. फाळाखाली कागदाची पट्टी सरकवायची. सगळीकडे ती सारखीच अडकली की काम झालं. आणि हे सगळं करताना सीटवर माणूस हवा. जो चालवणार तोच हवा. रिकाम्या ट्रॅक्टरची पातळी लावणं म्हणजे खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यावरून माणसाचं माप घेणं, असं पाणसळांचं मत होतं.

"बैस," ते म्हणायचे. ती शेंगांची टोपली मांडीवर घेऊन चढायची आणि सोलत बसायची.

"हलू नकोस."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

"हळू घे."

एका वर्षी तर सकाळपासून पातळी लागेना. टायर तपासले, फळ्या बदलल्या, तरी फाळ मागच्या वर्षीपेक्षा खाली बसत होते. पाणसळ घामाघूम झाले, आणि वरून शेंगांची टरफलं त्यांच्या तोंडावर पडत होती. शेवटी वरून आवाज आला, "अहो, उगीच डोकं फोडून घेऊ नका. माझं वजन वाढलंय. अजून वाढणार आहे." तेही पाणसळच, "किती वाढेल?" असं विचारून बसले. मग खाली पडल्यापडल्या त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि उठण्याच्या घाईत कपाळ लोखंडावर आपटलं. लेक होणार असल्याची बातमी त्यांना अशी मिळाली. कपाळावरची खूण अजून आहे.

आता त्या वाकडेपणाविषयी. बायकोला लहानपणापासून डाव्या डोळ्याने कमी दिसायचं. त्यामुळे ओळ बघायला ती उजवीकडे झुकायची, आणि झुकायची म्हणजे अशीतशी नव्हे. बाई अंगाने चांगली भरलेली, ती सगळी उजव्या मडगार्डवर रेलायची. ट्रॅक्टर हलका, टायर जुने. उजवी बाजू दबायची आणि उजवे फाळ खोल जायचे. पाणसळांनी तिला सरळ बसवायचा चंग बांधला. आठवडाभर ते ट्रॅक्टरच्या शेजारून "सरळ बैस, सरळ बैस" म्हणत चालत राहिले. मग एका वळणावर तिने इंजिन बंद केलं.

"सरळ बसले तर मला ओळ दिसत नाही. तुम्ही माणूस सरळ करायला निघालात. त्यापेक्षा यंत्र वाकडं करा की."

पाणसळ दोन दिवस जेवणापुरतेच बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला तशीच झुकून सीटवर बसवलं आणि उजव्या बाजूचा नट फिरवून ते फाळ वर घेतले. ती सीटवर असली की सगळं एका पातळीत. ती उतरली की उजवे फाळ जमिनीपासून बोटभर वर लटकलेले. त्यानंतर त्या नटाला पाना लागला नाही. दरवर्षी नुसती खात्री करायची. त्याच्यावर ग्रीस बसलं, धूळ बसली, रंगाचे थर चढले. एकदा कार्बोरेटर साफ करायला आलेला मेकॅनिक सांगून गेला, "काका, तुमचं हे वाकडं बसलंय." गावातल्या प्रत्येक टेबलाला पुठ्ठा लावणारा हा माणूस त्याला म्हणाला, "असू दे."

गेल्या हंगामातली शेवटची कोळपणी तिनेच केली. थंडी सरायच्या आत, थोड्याशा आजारपणात, ती गेली.

पाणसळ रडले ते लोकांच्या देखत रडले, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लेक शहरातून आली. तिने आईचे कपडे वाटून टाकले, चष्मा कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून देऊन टाकला, कपाट रिकामं केलं. पाणसळांनी हूं की चूं केलं नाही. मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते शेडमध्ये जायचे, पालथ्या डब्यावर बसायचे आणि उजव्या फाळाखालची ती बोटभर फट बघायचे. तिचं वजन, तिचं रेलणं, तिचा तो एक चांगला डोळा, सगळं त्या फटीत होतं. फोटोत ती कुणासारखीही दिसायची. इथे ती तीच होती.

लेक पार्सलच्या कचेरीत कामाला होती. बाप एकटा पडला म्हणून ती मोठी रजा काढून परत आली. आईने भाजीचा जो तुकडा राखला होता त्यात तिने घेवडा पेरला. "बाबा, एक हंगाम बघते," ती म्हणाली. "जमलं तर इथेच राहीन. नाही जमलं तर साहेबांनी माझी जागा अजून ठेवली आहे." पाणसळ "बरं" म्हणाले. खरं तर तिने राहावं यापलीकडे त्यांना जगात काही नको होतं. ती रजा काढून येईपर्यंत घर खायला उठत होतं. पण आपल्यासाठी पोरीने अडकून पडू नये, म्हणून त्यांनी तो शब्द तोंडातून काढला नाही.

घेवडा छान उगवला. मागोमाग तणही उगवलं, त्याला कुणी आमंत्रण देत नाही.

"बाबा, कल्टिव्हेटरची पातळी कधी लावायची?"

पाणसळांनी आधी ऑइल बदललं. मग टायर बघितले. मग ग्रीस संपलंय म्हणून ते आणायला गेले आणि अर्धा दिवस घालवून आले. मग माती ओली आहे म्हणाले. तण वीतभर झालं तेव्हा लेक पुन्हा समोर येऊन उभी राहिली, आणि ते म्हणाले, "लावलेलीच आहे. आईने ठेवला तसाच आहे. घेऊन जा."

यात खोटं काही नव्हतं. पण रिकाम्या सीटची पातळी जन्मभर न मानलेल्या माणसाने हे म्हणावं, यासारखी लबाडी दुसरी नाही. लेक काडी पैलवान, आईच्या निम्मी भरली असती तर नशीब.

ती घेऊन गेली. पहिल्याच ओळीला उजवे फाळ मातीला गुदगुल्या करत वरून गेले आणि डावे खोल घुसले. डाव्या अंगाने ढेकळं उलटून रोपांवर पडली, मुळं उघडी झाली. ओळीच्या टोकाला ती उतरली, मागे वळून बघितलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक रोप हाताने दाबू लागली. दुसऱ्या दिवशी तिने अगदी हळू चालवलं. तेच झालं. तिसऱ्या दिवशी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की तळहाताला फोड आले. पाणसळ बांधावर उभे होते. कुठे काय चुकतंय ते त्यांना इंजिन सुरू व्हायच्या आधीपासून माहीत होतं, आणि ते बांधावरच उभे राहिले. बोलायला तोंड होतं, पण उघडलं नाही. अशा वेळी माणसाचा राग येतो, मग तो कितीही दुःखात असो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने ताटं मांडली आणि स्वतः न वाढून घेता बसून राहिली.

"बाबा, आई चालवताना काय बघायची? मी ओळीवरून नजर काढत नाही. तरी डावीकडची रोपं उखडतात."

पाणसळांनी तिच्या ताटात भाकरी वाढली.

"माझा हातच नाही या कामाला," ती म्हणाली. "आईचं बघून वाटायचं, यात काय एवढं. आता कळतंय. उद्या साहेबांना फोन करते मी."

"एवढ्यात कशाला," ते पुटपुटले.

सकाळी ते चहाचा कप घेऊन शेडकडे निघाले आणि वाटेत थांबले. लेक शेतात होती. न कोळपलेल्या ओळींमध्ये बसून, फोड आलेल्या हातांना फडकं बांधून, ती तण उपटत होती.

"हे काय करतेस?"

"जायच्या आधी निदान एवढ्या ओळी साफ करून ठेवते. तुमच्याने वाकवणार नाही." तिने मान वर केली नाही. "आईला काय वाटलं असतं, एवढंसुद्धा जमलं नाही हिला."

पाणसळांनी हातातला कप बांधावर ठेवला. आईच्या नावाने पोरीला रडवतोय तो आपण, हे त्यांना लख्ख दिसलं.

"शेडमध्ये चल," ते म्हणाले.

"कशाला आता?"

"चल म्हणतो ना."

त्यांनी फळ्या मांडल्या, हवा बघितली, ट्रॅक्टर फळ्यांवर घ्यायला लावला. लिव्हर सोडली. "बैस," ते म्हणाले, आणि पोतं अंथरून खाली आडवे झाले. जुन्या कॅलेंडरची पट्टी त्यांनी डाव्या फाळाखाली घातली. ती अडकली. उजव्या फाळाखाली घातली. ती कशालाही न लागता पलीकडे गेली.

"तुझा हात बरोबर आहे," ते खालून म्हणाले. तोंड दिसत नाही म्हणून बोलणं सोपं गेलं. "हे आईच्या मापाचं आहे. ती झुकून बसायची, वजनदार होती. तिच्यासाठी मी उजवी बाजू वर घेतली होती. तू बसलीस की डावे फाळ खोल जाणारच. कुणीही बसलं तरी जाणार."



"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मी तिथे रोपं दाबत बसले होते, तेव्हाही?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नटाकडे बघितलं. थर चढून त्याच्या कडासुद्धा बुजल्या होत्या. "हा फिरवला की ती जाते," ते म्हणाले. "ती कशी बसायची ते पुन्हा कशावरून काढणार? सीटवर बसवायला ती आता आहे कुठे?"

ती चिडेल असं त्यांना वाटलं. चिडली असती तर ते बरोबरच झालं असतं. पण वरून सीट करकरली, उजवा टायर किंचित दबला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर उजवा फाळ हळूहळू खाली यायला लागला. आधी नाक टेकलं, मग टाच. त्यांनी पट्टी सरकवली. अडकली. दुसऱ्या फाळाखाली सरकवली. तिथेही अडकली.

त्यांनी मान बाहेर काढून वर बघितलं. लेक मडगार्डला धरून निम्मी सीटबाहेर लटकली होती. डावा डोळा तिने मिटून घेतला होता.

"अशी बसायची ना ती?" ती म्हणाली. "मला आठवतंय. राहू दे तो नट, बाबा. मीच शिकेन अशी बसायला. मग कदाचित राहीनही."

पाणसळ पुन्हा खाली आडवे झाले. सगळे फाळ एका पातळीत होते, अगदी पूर्वीसारखे. खालून चेहरा दिसत नाही. वर कोणीतरी उजवीकडे रेलून बसलंय एवढंच कळतं. त्यांनी डोळे भरून बघून घेतलं. मुलगी राहणार होती आणि बायकोही जाणार नव्हती. याहून जास्त काय मागायचं? एक शब्द न बोलता पाना बाजूला ठेवला की झालं.

तेवढ्यात उजवा फाळ जमिनीवर वाजायला लागला. अगदी बारीक, टकटक, टकटक. ते काय आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. वर तिचा हात थरथरत होता. तिला तो तोल पेलवत नव्हता, आणि ती सोडतही नव्हती.

"सरळ बैस," पाणसळ म्हणाले.

"जमतंय मला."

"जमायला नको. तिला दिसत नव्हतं म्हणून ती तशी बसायची." त्यांनी चाचपून पाना हातात घेतला. "तुझे दोन्ही डोळे चांगले आहेत, बाळा."

त्यांनी नटाला पाना लावला. तो हलला नाही. नटावर रॉकेल टाकून दोन्ही हातांनी ओढ दिली, तेव्हा रंगाचा पापुद्रा उडाला आणि नट कुरकुरत फिरला. उजवे फाळ खाली आले. पाणसळांनी बाहीने डोळे पुसले आणि कागदाची पट्टी हातात घेतली.

"आता बैस. तिच्यासारखी नको, माझ्यासाठीही नको. तू आपली नेहमी जशी बसतेस तशी बैस. तू कशी बसतेस, ते मी अजून बघितलेलंच नाही."

वर ती हलली, सावरली. डाव्या गुडघ्यावर कोपर टेकून बसली असावी, कारण या खेपेला डावा टायर थोडा दबला. पाणसळ सरपटत त्या बाजूला गेले.